बोगद्याची धर्ममाता

अकराव्या दिवशीही उर्शुलाने दिवा विझू दिला नव्हता.

पहाटेच्या मिस्सेहून ती परतली तेव्हा इद्रिया गावाच्या छपरांवर धुकं तसंच बसलेलं होतं. ओला कोट खुंटीला लावून ती कोनाड्यापाशी गेली, खाणीत उतरणाऱ्यांची राखण करणाऱ्या संत बार्बराच्या मूर्तीपुढच्या लाल काचेत नवी मेणबत्ती ठेवली आणि जपमाळ घेऊन बसली. दोन वर्षं आणि दोन महिने हा नेम चुकला नव्हता. मोंटेनेग्रोतल्या त्या डोंगराला पहिला सुरुंग लागला त्या सकाळी ती बोगद्याच्या तोंडाशी उभी होती. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं आणि तिने बोगद्याला आपलं नाव दिलं. वोंचिनांच्या घरची ही रीत. घरच्या कंपनीने रस्ता बांधला तर फीत कापायला मंत्री येतो. पण बोगदा खणायचा तर घरातली एक बाई त्याची धर्ममाता होते. डोंगर आरपार होईपर्यंत आत जाणाऱ्या प्रत्येक माणसासाठी ती रोज प्रार्थना करते, आणि शेवटचा खडक फुटला की सगळ्यांच्या आधी ती त्या भोकातून पलीकडे जाते. अल्जीरियातला बोगदा सासूबाईंच्या नावाचा होता, तुर्कस्तानातला थोरल्या जावेच्या. कागदोपत्री हा 'बोगदा क्रमांक चार'. माणसं मात्र विचारायची, "उद्या कुठे आहेस?" आणि उत्तर यायचं, "उर्शुलात. सकाळची पाळी."

त्यामुळे वर्तमानपत्रानेही तसंच छापलं होतं. 'उर्शुला कोसळला, दोघे आत.' ती बातमी तिने पावाच्या दुकानात रांगेत उभं राहून वाचली होती, आणि रांगेतल्या बायकांनी काही न बोलता तिला पुढे जाऊ दिलं होतं.

आत राहिलेले दोघे होते मातेव्झ ग्नेझ्दा आणि सेनाद. मातेव्झ खालच्या गल्लीतला, सव्वीस वर्षांचा. त्याच्या बाप्तिस्म्याच्या झग्याची लेस उर्शुलाने विणली होती. सेनाद बोस्नियातला, तीन मुलांचा बाप. तो मुसलमान असूनही दर सोमवारी बार्बराच्या मूर्तीवरची धूळ पुसायचा म्हणे. छत खाली आलं, मागून चिखल आला, आणि अकरा दिवस दोन्ही बाजूंनी खणूनही त्यांच्यापर्यंत कुणी पोचलं नव्हतं. जिवंत असतील असं आता त्यांच्या घरचेही म्हणत नव्हते. तरी उर्शुलाने मेणबत्ती बदलली. बोगदा उघडेपर्यंत मटण नाही, साखर नाही, हा तिचा दुसरा नेम. तोही तिने मोडला नव्हता. तो मोडायचा तरी कधी आणि कुणाला विचारून, हे तिला कळत नव्हतं.

आज बार्बराचा दिवस, डिसेंबरची चार तारीख. दर वर्षी या दिवशी तिच्या टेबलाभोवती वीसेक माणसं असायची. आज चारच ताटं मांडली होती.

जेवणाला एक वाजला. थोरला दीर रायको टेबलाच्या टोकाला बसला होता. वय एकाहत्तर, आणि कंपनीची सही अजून त्याचीच. त्याच्या उजव्या हाताला त्याची मुलगी तादेया, कंपनीचं कोर्टकचेरीचं काम बघणारी. समोर उर्शुलाचा मुलगा गाश्पेर. बोगद्याचं सगळं काम त्याच्या हाताखाली होतं. तो आदल्या संध्याकाळी मोंटेनेग्रोहून आला होता; दाढी वाढलेली, नखांत अजून करडा चिखल. बटाट्याचं सारण भरलेल्या झ्लिक्रोफी त्याच्या ताटात थंड होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. लहानपणी तो एका बैठकीला चाळीस खायचा.

"खा रे," उर्शुला म्हणाली.

"खातोय."

"बघतोयस नुसता."

रायकोने काटा खाली ठेवला. "उर्शा, जेवण राहू दे. तीन वाजता मोंटेनेग्रोहून त्या तपास करणाऱ्या बाईचा फोन येईल. तादेया काय सांगते ते आधी ऐकून घे."

तादेयाने एक कागद टेबलावर सरकवला. त्यावर एका कार्डाचा फोटो होता, पोलिसांनी काढलेला, बाजूला मोजपट्टी ठेवून. उर्शुलाने आपलं अक्षर ओळखलं. 'प्रिय मुलांनो, बार्बराच्या दिवशी मी तुमचा हात धरून पलीकडे येईन. तोवर देव तुम्हाला सांभाळो. तुमची उर्शुला.' ऑक्टोबरात पाठवलं होतं. विंको मुकादमाने ते आपल्या पत्र्याच्या खोलीत, चहाच्या किटलीवरच्या भिंतीला टाचून ठेवलं होतं. फोटोत वाफेने वाकलेला त्याचा कोपराही दिसत होता.

"काकू, त्यांच्याकडे लेखी एवढंच आहे," तादेया म्हणाली. "काम घाईने झालं, हे खडकावरून त्यांना कळलंय. घाई कुणी केली, ते कळलेलं नाही. ती बाई दोन प्रश्न विचारेल. हे कार्ड तुम्ही लिहिलं का? त्याला हो म्हणा. दुसरं, बार्बराच्या दिवशी बोगदा उघडेल हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्याला म्हणा, आठवत नाही. या वयात—"

"माझं वय त्रेसष्ट आहे, तादेया. लहानपणी, माझ्या पहिल्या परमप्रसादाला, शेजारच्या मुलीने कुठले बूट घातले होते तेही मला आठवतं."

"मग बूट आठव आणि तारीख विसर," रायको म्हणाला. "त्यात एवढं कठीण काय आहे?"

कुणी हसलं नाही. रायको स्वतःही हसला नाही.

"आणि विंको?" उर्शुलाने विचारलं.

विंको, आडनाव लापायने, छत पडलं तेव्हा पन्नास पावलं मागे होता. त्याला तिथल्या गावात एका खोलीत ठेवलं होतं, दाराशी शिपाई. लवकर घरी जायचं म्हणून त्याने आपल्या डोक्याने घाई केली, असं तिथले लोक म्हणत होते. तसं म्हणू नका, असं कंपनीनेही त्यांना सांगितलं नव्हतं.

"विंकोला चांगला वकील देऊ," रायको म्हणाला. "त्याच्या घरच्यांचं आपण बघू. एका मुकादमाची चूक ही एका माणसाची चूक असते, उर्शा. गाश्पेरचं नाव आलं की ती कंपनीची होते. मग रुमानियाची रेल्वे गेली, जॉर्जियातला रस्ता गेला. दोनशे चाळीस घरं आहेत आपल्यावर. या गावात निम्मी."

"तुम्ही सगळे एवढं बोलताय," उर्शुला हळूच म्हणाली. ती कायम हळूच बोलायची. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं सासऱ्यांना ती मुकी वाटली होती. "पण हा बोलत नाहीये. गाश्पेर, तू विंकोला काय सांगितलं होतंस?"

"आई, त्याने आता काय होणार आहे?"

"मला विचारायचंय."

"बघा जमतंय का, एवढंच म्हणालो."

"माझ्याकडे बघून सांग."

त्याने पाहिलं नाही. नखातला चिखल दुसऱ्या नखाने काढू लागला.

"तुझ्या बाबांबरोबर मी एकतीस वर्षं काढली," ती म्हणाली. "खडक सडका असला की एका वेळी मीटरभर फोडायचं, जाळी लावायची, कमान उभी करायची, काँक्रीट मारायचं आणि मगच पुढे जायचं, हे मला जपमाळेसारखं पाठ आहे. तुम्ही किती फोडत होता?"

"ऑगस्टपर्यंत एक मीटर."

"मग?"

"तशाने जानेवारी संपला असता. मग दीड केलं. नोव्हेंबरात पावणेदोन."

"आणि पुढे लांब भोक पाडून बघायचं ते? पाणी आहे का, पोकळी आहे का?"

गाश्पेरने थंड ताट दूर सरकवलं. तादेयाने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावरून उर्शुलाला कळलं की हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"गाश्पेर?" तादेया म्हणाली. "ती भोकं पाडल्याची नोंद आहे. मी स्वतः पाहिली आहे."

"नोंद आहे."

"भोकं?"

"शेवटच्या साठ मीटरमध्ये नाहीत. त्याला दर वेळी अर्धा दिवस जायचा." त्याचा आवाज चढला. "तीनशे मीटर सलग चांगला खडक लागला होता! कुणीही तेच केलं असतं."

"तुझ्या बाबांनी नसतं केलं," रायको पुटपुटला.

"काका, तुम्ही दर सोमवारी फोन करून विचारत होता, किती झालं, किती झालं! तेव्हा नाही आठवले बाबा?"

"मी विचारत होतो. उड्या मार असं म्हणत नव्हतो."

"हळू," उर्शुला म्हणाली. "एवढी कसली घाई होती, बाळा? रेल्वेवाल्यांनी तर एप्रिल दिला होता ना?"

मग त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि म्हणूनच ती तिला सोसवली नाही.

"तुला हवं होतं ना, आई."

"मला?"

"ईस्टरला. तू अंडी रंगवत होतीस. तू म्हणालीस, बार्बराच्या दिवशी उघडला तर किती बरं होईल. सासूबाईंचा तसाच उघडला होता, म्हणालीस."

तिला आठवलं. कांद्याच्या सालींचं पाणी, बोटांना लागलेला तपकिरी रंग. आपण म्हटलं होतं खरं. अगदी सहज, खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघत, जसं एखादी बाई म्हणते की उद्या कपडे वाळले तर बरं. पण या घरात धर्ममातेने काही मागावं आणि ते सहज समजलं जावं, असं कधी झालं होतं? ती स्वतः सून होऊन आली तेव्हा सासूबाईंनी अल्जीरियात माणसांना रविवारी सुट्टी द्या म्हटलं, तर वाळवंटात चारशे माणसांचं काम थांबलं होतं. तो किस्सा तिनेच किती जणांना कौतुकाने सांगितला होता.

"ऑक्टोबरात मी तुला फोनवर शब्द दिला," गाश्पेर म्हणाला. "तू कार्ड पाठवलंस. विंको आधी नको म्हणत होता. खडक आवडत नाही मला, म्हणाला. मग मी म्हटलं, आईची इच्छा आहे. तेव्हा तो तयार झाला. म्हणाला, उर्शुलाबाईंसाठी करू."

स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी केलेल्या मटणाच्या रश्श्याचं झाकण वाफेने खडखडत होतं. अकरा दिवस ती देवाला विचारत होती, माझी प्रार्थना कुठे कमी पडली. ती कमी पडलीच नव्हती. पहाटेच्या प्रार्थनेपेक्षा ईस्टरच्या दुपारचं एक वाक्य जड झालं होतं, आणि ते ऐकलं होतं माणसांनी.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दारात विंकोची बायको स्लावका उभी होती, हातात कापडात गुंडाळलेला अक्रोडाचा गोड पाव, पोतित्सा. बार्बराच्या दिवशी ती दर वर्षी आणायची.

"सुखरूप," स्लावका म्हणाली. खाणीच्या गावात माणसं भेटल्यावर हेच म्हणतात. तिच्या तोंडून ते सवयीने निघालं.

"आत ये, स्लावका."

"बसत नाही. काल रात्री हातांना काही काम हवं होतं म्हणून केली. नुसती ठेवून काय करू?" तिने दारातूनच टेबलाकडे पाहिलं. "रायको. तू पण आहेस होय. फोन लागत नाही तुझा."

"स्लावका, मी वकिलाशी बोलतोय—"

"बोल, बोल. लिबियात तू तापाने फणफणला होतास तेव्हा विंकोने तुला ट्रकमध्ये घालून दोनशे किलोमीटर नेलं. तेव्हा वकिलाशी बोलला नव्हता तो." ती हे अगदी शांतपणे म्हणाली. मग उर्शुलाकडे वळली. "काल पाच मिनिटं बोलू दिलं त्याला. काय म्हणाला सांगू? म्हणाला, त्या कार्डावरून उर्शुलाबाईंना त्रास देतील. तू त्यांना काही विचारू नकोस, त्यांना यात ओढू नकोस. त्यांच्या भरवशावर आम्ही आत जात होतो." तिने गाठोड्याची गाठ सारखी केली. "म्हणून मी काही विचारत नाहीये. पोतित्सा घे. मला ग्नेझ्दांकडे जायचंय. मातेव्झची आई काल नुसती त्याचे मोजे जोडीने लावत बसली होती. तिच्याजवळ कुणीतरी हवं."

दार लागलं. उर्शुलाने ते गाठोडं टेबलावर ठेवलं. अडीच वाजले होते.

पहिली तादेया हलली. तिने फोटोचा कागद उचलून दुमडला आणि पिशवीत घातला. "बाबा, माझ्याच्याने हे होणार नाही. नोंद खोटी आहे हे आता मला माहीत आहे. काकूंना काय बोलायचं ते मी शिकवणार नाही."

"तू आपल्या घरची आहेस की कोर्टाची?"

"मला कालपर्यंत वाटत होतं की दोन्ही एकच आहे."

"वा! आता हिलाही पाझर फुटला," रायको म्हणाला, पण शब्दांत जोर नव्हता. तो दाराकडे बघत होता, जिथून स्लावका गेली होती, आणि एकदम खूप म्हातारा दिसत होता. मग म्हणाला, "दोनशे नव्हतं ते. एकशे साठ."

गाश्पेर उठून आईच्या खुर्चीशी येऊन उकिडवा बसला.

"आई, ते मला आत टाकतील. सात-आठ वर्षं. माझी आयदा सहा वर्षांची आहे. मी सुटेन तेव्हा ती चौदाची असेल."

"हं."

"मी काय मुद्दाम केलं? त्यांच्याबरोबर मीही आत जात होतो ना?"

"जात होतास, राजा." तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केसांतही तो चिखल होता, वाळून कडक झालेला. "मागितलं मीच. हे मी त्या बाईला सांगणार आहे. ते लपवणार नाही."

त्याने झटकन मान वर केली. "हो. तसंच सांग. एवढंच सांग! तुझी इच्छा होती, तू कार्ड लिहिलंस, त्यावरून पोरांनी मनाने घाई केली. तुला कुणी काही करणार नाही, आई. उलट सगळ्यांना दया येईल. खोटंही नाही त्यात काही."

खोटं नव्हतं, हे तिलाही दिसत होतं. सगळा दोष आपल्या पदरात घ्यायचा, गुडघे टेकायचे, आणि आयुष्यभर त्या दोन घरांसाठी दिवे लावायचे. लोक तिला आणखीनच मानतील. तिच्या सगळ्या सवयी, सगळे नेम तिला त्याच बाजूला ओढत होते. इतक्या सहज, की तिला भीती वाटली. त्या पायवाटेच्या शेवटी मुलगा घरी असेल. आणि विंको तिथेच असेल, त्या खोलीत. मनाने घाई करणारा मुकादम म्हणून.

"ते खरं आहे," ती म्हणाली, "पण पुरं नाही."

"आई!"

"तूच सांग त्यांना. मी फोन देते तुझ्या हातात. तू सांगितलंस तर वेगळं होईल. मी तुझ्याशेजारी बसते."

तो उठून उभा राहिला. कितीतरी वेळ तसाच उभा होता. तेवढा वेळ तिने काहीही मागितलं नाही, देवाकडेही नाही. मग तो खिडकीपाशी गेला आणि तिच्याकडे पाठ करून बाहेर बघू लागला.

तीन वाजून चार मिनिटांनी फोन वाजला.

पलीकडच्या बाईने आपलं नाव राकोचेविच सांगितलं. आवाज तरुण होता, थकलेला होता. उर्शुलाने शाळेत शिकलेली तिकडची भाषा शोधत शोधत, एकेक शब्द जुळवत उत्तरं दिली. हो, कार्ड माझं. हो, अक्षर माझं. इच्छाही माझी होती, ईस्टरला मी ती बोलून दाखवली होती, हे लिहून घ्या. विंको लापायनेला खडक आवडला नव्हता, त्याने नको म्हटलं होतं, हेही लिहा.

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"आज इथे सांगितलं मला. ज्याने त्याला हुकूम दिला त्याने. एका फेरीला पावणेदोन मीटर. शेवटच्या साठ मीटरमध्ये तपासणीची भोकं नाहीत. नोंद आहे, भोकं नाहीत."

पलीकडे टकटक आवाज येत होता. बाई लिहून घेत होती. रायकोने डोळ्यांवर हात धरला होता.

"आणि तारीख कुणी सांगितली? पूर्ण नाव सांगा."

"गाश्पेर वोंचिना."

टकटक थांबली.

"आडनाव तुमचंच आहे," बाई हळूच म्हणाली. "ते तुमचे कोण लागतात? मला विचारणं भाग आहे. जवळचं नातं असेल तर न बोलण्याचा तुम्हाला हक्क आहे, बाई. तुम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं का? अजून वेळ गेलेली नाही. तुम्ही म्हणालात तर आत्ताचं सगळं मी खोडते."

उर्शुलाने तादेयाकडे पाहिलं. तादेयाने मान खाली घातली. जवळच्या नात्यामुळे बोलत नाही म्हटलं तरी नाव कळलं असतं, म्हणून त्यांनी तो हक्क तिला सांगितलाच नव्हता.

खिडकीपाशी गाश्पेर वळला होता. त्याला फोनवरचं ऐकू येत नव्हतं, पण आईचा चेहरा दिसत होता, आणि काहीतरी अजून शिल्लक आहे हे त्याला कळलं असावं. तो एक पाऊल पुढे आला. त्याचे ओठ हलले, लहानपणी ताप चढला की हलायचे तसे.

"मुलगा," ती फोनमध्ये म्हणाली. "एकुलता. खोडू नका."